गाळलेली ओळ

पिरेनीजच्या पायथ्याशी, बिशपच्या तळघरात
मी लिहितो लॅटिन. ती बोलते डोंगरातलं.
मेंगार्द, भट्टीवाली, विधवा.

"पीठ मी मळते, धनी.
उंदरांनी कुरतडलेलं पोतं मला ठाऊक.
त्यात देव कधी शिरतो,
मला तरी दिसलं नाही."

बिशप खोकला. गारठा फार.
"आणि शेजारचा तो यहुदी रंगारी?"
"शनिवारी त्याची चूल थंड असते.
मी पेटवून येते. म्हातारी आजारी आहे त्याची."

मी टाक झटकला.
शाई गोठली म्हणा, बोटं म्हणा,
देवाबद्दलचं ते वाक्य
कातड्यावर उतरलंच नाही.

रात्री तिच्याच भट्टीतला, चार दिवसांचा पाव मोडला.
प्रार्थनेसाठी तोंड उघडलं
आणि नुसता चावत राहिलो.

खालून करपलेला.
मीठ मात्र बरोबर.