पान नऊ, प्रश्न एकतीस

तीन तारखेला बिनीताबेननं विचारलं, गुजरातीत.
निहार म्हणाला, हा.
सतरा तारखेला मी. तीच खोली, दांडिया बाजारच्या मागची,
तोच पंखा, दर फेरीला एकदा खाकरणारा.
मराठीतून विचारलं, कारण घरी मराठी बोलतात
असं पान एकवर लिहिलंय:
"उतराणपासून आजपर्यंत
घरच्या कुणाला काही होईल अशी काळजी वाटत राहिली?"
निहार म्हणाला, नाही.

चौदा दिवसांत मूल बरं होतं का?
होतही असेल.
की तेवढ्यात त्याला कळलं
प्रत्येक "हो"च्या पोटात आणखी नऊ प्रश्न असतात,
किती दिवस, किती वेळ, शाळेत की घरी,
आणि "नाही" म्हटलं की पान उलटतं,
आणि खाली पार्किंगमध्ये सायकल उभी आहे?

शेजारच्या खोलीत आई. सौ. वैजयंती घोरपडे.
तिचा फॉर्म स्वच्छ. नाही, नाही, नाही,
एका ठिकाणी "कधी कधी", तेही खोडलेलं.
"आमचा अगदी शहाणा आहे हो," ती म्हणाली
आणि पर्सची चेन उघडून परत लावली.
पर्सच्या चेनला रकाना नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी कागद शेजारी शेजारी ठेवतो.
बिनीताबेन म्हणते, तू घाईत विचारलंस.
मी म्हणते, तू विचारताना मान हलवतेस, सवयच आहे तुला.
चहा गार होतो.
सगळ्या मुलांची मिळून आमची जुळणी: शून्य पूर्णांक एकेचाळीस.
डॉक्टर म्हणतात, या वयात एवढी चालते.
आणि पूर्ण जुळली असती, तरी काय?
मंगळ बाजारातला तो काटा
रोज न चुकता पन्नास ग्रॅम खातो.
भरवशाचा आहे. भाजी कमीच येते.

एक गोष्ट बिनीताबेनला सांगितली नाही.
"नाही" म्हणण्याआधी निहारनं मला विचारलं होतं,
"काळजी वाटते म्हणजे? काळजी तर घेतात ना?
आई घेते. मी पण घेतो."
कशी घेतोस?
"पप्पांची पाळी साडेबाराला सुटते.
मकरपुऱ्याहून येणाऱ्या सगळ्या गाड्या मी ऐकतो.
आमच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटलाय, लगेच कळतं.
ती आली की झोपतो."
रोज?
"मग? नाहीतर ती येणार कशी?"

भाषांतराच्या बैठकीत आम्ही सात जण होतो.
"चिंता" पुस्तकी वाटेल म्हणून
"काळजी" मीच सुचवली होती.

सूचनापत्रात लिहिलंय: अर्थ लावू नका, मूल म्हणेल ते नोंदवा.
घरं दोनच.
मी "नाही"वर खूण केली
आणि समासात, पेन्सिलीनं, बारीक: स्कूटर.

आज दुपारी कॉम्प्युटरवरच्या मुलाचा फोन.
ताई, पान नऊ, हे स्कूटर काय आहे?
याला कोड कुठला?
नव्याण्णव टाकू?
नव्याण्णव म्हणजे माहिती उपलब्ध नाही.

थांब, म्हटलं.
अजून थांबलाय तो.