डावा पाय

झेन द्यायच्या आदल्या रात्री
सीट उचलली, डिकी झाडली.
निघालं ते एवढंच:
काड्या मोडलेली छत्री,
करदंटाच्या डब्यात नट-बोल्ट,
उद्यमबागेतल्या माझ्या पॅटर्न शॉपचा
वीस वर्षांचा लाकडी भुसा,
आणि मागच्या सीटच्या खाचेत
चांदीचं एक पैंजण, काळं पडलेलं.

स्नेहल दुसरीत असताना हरवलेलं.
शारव्वाला विचारलं होतं तेव्हा आम्ही.
फक्त विचारलं होतं.
दुसऱ्या दिवसापासून ती भांड्याला आली नाही.

शालननं ते पदराला पुसलं,
परत पुसलं,
आणि आत जाऊन दिवा मालवला.

स्नेहल याच सीटवर जन्मायची होती, थोडक्यात हुकलं.
दुसऱ्या गेटला मालगाडी थांबलेली,
शालननं माझ्या खांद्यात नखं रुतवलेली,
फाटकवाला हात हलवत म्हणत होता,
"दोनच मिनिटं वो, सिग्नल पडला की."
त्या दोन मिनिटांत मी इंजिन बंद केलं नाही.
भीती वाटली, दोघींपैकी एक
पुन्हा सुरू व्हायची नाही.

तशी ती नखरेल.
ड्रायव्हर बाजूची काच
वर चढायची ती तळहातानं ढकलली तर.
थंडीत पहिल्या चावीला नाही म्हणायची,
दुसऱ्या चावीला विचार करायची.
दस्तगीर बॉनेटला कान लावून सांगायचा,
"टॅपेट बोलायलाय, ऐका की."
मी ऐकायचो. लाकूड तासणाऱ्या माणसाला
ऐकू येतं ते.

ईरण्णा हुदली आला सकाळी, कणबर्गीहून.
एक फेरी मारली, क्लच दाबून बघितला,
"गाडी छलो ऐतरी," म्हणाला,
आणि दहा-दहा हजाराच्या गड्ड्या मोजल्या
कन्नडमध्ये. मी त्याच मराठीत मोजल्या.
बेरीज जुळली.
त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे,
हे सही झाल्यावर कळलं.

नवी गाडी उंच आहे.
एसयूव्ही, पण लहान, म्हणजे आमच्या बोळात मावते.
चावी खिशातच राहते, गिअर आपले आपण पडतात,
रिव्हर्स घेताना अंगणातली तुळस
पडद्यावर दिसते, वाकडी.
शेजारचे अनगोळकर बघून गेले,
टायरला लाथ मारून म्हणाले, "भारी घेतलास की गा."

निपाणीहून येताना तिला म्हटलं,
बेळगावचा रस्ता दाखव.
आतल्या बाईनं इंग्रजीत माफी मागितली.
पुन्हा म्हटलं. पुन्हा माफी.
मागून शालन म्हणाली, "बेळगावी म्हणून बघा."
मी काही वेळ गप्प चालवत राहिलो.
रस्ता काय, मला पाठ होता.
संकेश्वर गेलं, हत्तरगीचा नाका गेला,
मग शालननंच पुढे वाकून
स्वच्छ आवाजात सांगितलं तिला.
निळी रेघ उमटली, थेट घरापर्यंत.

परवा कपिलेश्वर पुलाच्या चढावर
पुढे एक गाडी बंद पडली.
टपावर पिवळा त्रिकोण, मागे लाल एल,
आणि डिकीवरचा तो पोचा,
जो मी स्वतः पाडला होता, फौंड्रीच्या दारात.
आत कुणी मुलगी, वेणी घातलेली,
शेजारी ईरण्णा हातवारे करतोय.
मागून हॉर्न, टमटमवाले, एक बस.
मी हॉर्न दिला नाही.
काच खाली केली (बटणानं झाली),
ओरडलो, "हाफ क्लच, बाळ, हाफ क्लच!"
हे दोन्हीकडं सारखंच म्हणतात.

ती ऐकली की नाही, कोण जाणे.
झेन थरथरली, एक वीत मागे आली,
माझी नवी गाडी चढावर
कुणी न धरता शांत उभी होती,
आणि माझा डावा पाय,
जिथं काही नाही तिथं,
मॅटवर दाबत होता,
सावकाश सोडत होता,
परत दाबत होता.