वाढत्या अंगाचं

दुकानासमोर, वाळपईच्या जुन्या स्टँडकडे वळतो तिथं,
माट्टीचं झाड आहे. तीन वर्षांचं, माझ्या खांद्याएवढं.
वनखात्यानं लावलं, फोटो काढला, गेले.
पाणी मी घालते,
इस्त्रीसाठी भरलेल्या बाटलीतलं उरलेलं.

परवा सुईत दोरा ओवताना
पानामागं काही हललं.
चष्मा कपाळावरून खाली घेतला.

एक सुरवंट दोऱ्याच्या गाठीएवढा,
पिवळट, डोकं काळं.
वरच्या फांदीला दुसरा, करंगळीच्या पेराएवढा,
हिरवागार,
आपण कधी पिवळे होतो हे ठाऊकच नसल्यासारखा.
आणि शेंड्याजवळ थोरला, बोटाएवढा, गुबगुबीत,
कुशीला चंदेरी टिकल्या,
पान कडेकडेनं कापत चाललेला.
चाळीस वर्षं कात्री धरतेय मी,
मुंढ्याचा असा गोलवा अजून हातात बसलेला नाही.

चवथ तोंडावर. दुकानात रीघ.
"वाढत्या अंगाचं शीव गो कुंदाबाय,
आत दोन बोटं दाब ठेव."
ठेवते. सगळ्यांनाच ठेवते.

सोमवारी मधला खायचा थांबला.
डोकं वर करून दिवसभर तसाच.
मेला म्हटलं.
मंगळवारी मानेमागं उसवला
आणि ओला, फिकट, त्यातूनच बाहेर आला,
वळला,
नि जुना कपडा खाऊन टाकला.
धाकट्याला ठेवणं नाही, बोहारीण नाही.

सोयरूची आई म्हणाली, "पावडर मारूं?
झाड खातले ते."
म्हटलं, थांब, मापं घ्यायची राहिलीत.
ती हसली. मी टेप गळ्यातच ठेवली.

लेक मस्कतला. नातवाची मापं फोनवर येतात:
छाती, उंची, बाही.
शिवून, पार्सल करून, पोचेपर्यंत
दोन बोटं संपलेली असतात.
मग फोटो येतो, मनगटं उघडी.
मधलं काही
मला दिसलेलं नाही.

आज सकाळी थोरला नव्हता.
शेंड्याला दोन पानं एकमेकांना धरून होती,
टाका आतून घातलेला,
गाठ कुठं मारली ते कळेना.

खाली तो गाठीएवढा,
पिवळट, काळ्या डोक्याचा,
आहे तिथंच आहे.
किंवा हा तो नसेल.
हा कालचा असेल.