सतरानंतर

मुलुंडला, चेकनाक्याच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर
अठरा खाटा आणि दोन बेसिनं.
बेसिनच्या वर एक चित्र चिकटवलंय:
तळव्यावर तळवा, मग हाताची पाठ,
बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट.
चित्रातल्या हातांना
कुणी हाक मारत नाही.

मला मारतात.
मावशी, पॅन. मावशी, कूस. मावशी, कोण आलं होतं?
कुणी आलेलं नसतं.
तीनकडून चारकडे जाताना हात धुवायचे,
चारकडून पाचकडे जाताना धुवायचे,
ग्लोव्हज काढले तरी धुवायचे.
एका रात्री मोजायला घेतलं होतं,
चाळिसाला सोडून दिलं.
सकाळी घरी भाकरी थापताना
चिरांत पीठ जाऊन बसतं,
आणि मीठ कालवलं की कळतं
कुठे कुठे फाटलंय.

इथे पोचवायला येणारे सगळेच
हात झटकून जातात असं नाही, खोटं कशाला बोलू.
काही जण जिन्यात थांबून रडतात,
खाली रिक्षापर्यंत जाऊन परत वर येतात
चष्म्याचं घर द्यायला राहिलं म्हणून.
पण दारातल्या बाटलीतलं ते थंड जेल
सगळे निघताना चोळतात.
अहो, येताना घ्यायचं असतं, मी म्हणते,
येताना.

मागच्या नव्हे, त्याच्या आधीच्या मार्चमध्ये
दोन दिवस पाणी नव्हतं.
कुठेतरी पाइप फुटला होता.
टँकर रात्री एकला येतो म्हणाला, आला नाही.
खाट सातला जुलाब.
त्याला जेल पुरत नाही, साबण-पाणीच लागतं,
हे सिस्टरनी शिकवलेलं मला पाठ होतं.
तांब्याभर पाणी होतं, ते त्यांनाच लागलं.
तेवढ्यात नऊवरून एर्मेलिंडाबाई:
गो, हात दे जरा.
पाणी नको, गोळी नको. हात.

मी दिला.
पुसलेला होता.
धुतलेला नव्हता.
त्यांनी तो गालाखाली घेतला,
लहान पोर उशी घेतं तसा, आणि झोपल्या.

शनिवारी त्या गेल्या.
मग अकरा, बारा, आणि पंधरा.
पंधरा वाचले.
सिस्टर म्हणाल्या, वय होतं. डॉक्टर म्हणाले, साथ होती.
तक्त्यावर त्या रात्री माझ्या नावापुढे
तासातासाला बरोबरची खूण आहे.
ती मीच केलीय, पहाटे,
एकाच पेनाने, एका दमात.

खाट चारचे सबनीस बँकेत कॅशियर होते.
अजून अंगठा जिभेला लावतात
आणि चादरीचा काठ मोजतात.
त्यांचा तो अंगठा मी दिवसातून दहादा धुते,
आणि तेच मला बजावतात, बाई, नोटा ओल्या करू नका.
मी बेसिनशी उभी राहिले
की खाटेवरून मोजायला लागतात, मोठ्याने,
एक, दोन, तीन,
वीस झाल्याशिवाय नळाला हात लावू देत नाहीत.
चित्राकडे बघायची गरज पडत नाही मग,
त्यांच्या आकड्यावर बोटं आपोआप जागा बदलतात.

हल्ली सतरावर अडकतात.
पुढचा आकडा खिशात बघतात, उशीखाली बघतात.
पहिल्यापासून मोजणार नाहीत,
भर काउंटरवर तसं करणं कमीपणाचं.
नवी मुलगी, उज्वला, मागे रांगेत उभी,
मावशी, झाले की वीस, केव्हाच.
थांब, मी म्हणते.

नऊवर आता दुसऱ्या कुणी आहेत.
त्यांचाही हात चादरीबाहेर आलाय,
हवेत काहीतरी चाचपतोय.
येते, मी म्हणते, आलेच,
आणि अंगठा पुन्हा तळव्यात घेऊन फिरवते.
फेस सुकायला लागलाय.
सबनीस उशीखालून हात काढतात,
माझ्याकडे बघतात.

सतरा, ते म्हणतात.

मी साबण परत घेते.