जळगावची प्रत

फैजपूरच्या गेटवर पावतीपुस्तक होतं तेव्हाची गोष्ट.
वर पांढरी, मधे कार्बन, खाली गुलाबी.
भालोदचे फेगडेभाऊ बॉलपेन असं दाबून लिहायचे
की केळीचे क्विंटल गुलाबी कागदाच्या पाठीलाही हाताला लागायचे.

पांढरी गेटवरच्याच तारेत, गाडीच्या नंबराने.
गुलाबी संध्याकाळच्या एसटीने जळगावला.
तिथे वारकेबाई ती गावाच्या फायलीत लावायच्या:
न्हावी, पिंपरूड, हिंगोणा,
गावात आडनाव, आडनावात माणूस.
अक्षर तेच, वजन तेच.
फेगडेभाऊंना विचारावं, एकोणीस छत्तीसमध्ये कुणाचा माल गेला?
वारकेबाईंना विचारावं, न्हावीच्या नेहेत्यांनी चैत्रात किती दिला?
उलटं विचारलं
की दोघंही चष्मा काढून पुसायला लागायचे.

मी आले, त्याच वर्षी दोन सर्व्हर आले.
फैजपूरला ओळ पडली
की पापणी लवायच्या आत जळगावला तीच ओळ.
पण इंडेक्स मी दोन ठिकाणी वेगळे ठेवले.
गेटवर एकच, गाडी नंबराचा.
प्रत्येक इंडेक्स म्हणजे लिहिताना आणखी एक नोंद,
आणि भर कापणीत गेटला तेवढा दम नसतो.
जळगावला मात्र हात सैल सोडला:
गाव, शेतकरी, तारीख, भाव,
साहेबांच्या अहवालांना लागेल ते ते.
गाडी नंबर तिथे कुणी विचारतच नव्हतं.
नाही ठेवला.
वहीत लिहूनही ठेवलंय: "गरज नाही", खाली सही.

मे महिना. पारा सेहेचाळीसला.
फैजपूरच्या खोलीतला एसी आधी गेला, मग सर्व्हर.
जळगावच्या प्रतीला म्हटलं, आजपासून तू मुख्य.
झाली. एक ओळ हरवली नव्हती.

गेटवर लीलाधर गाडीचा नंबर टाकत होता
आणि जळगाव पहिल्या पावतीपासून वाचत होतं.
अकरा वर्षांच्या पावत्या,
एकेक, प्रामाणिकपणे,
एका गाडीसाठी.
मग पुढच्या गाडीसाठी पुन्हा पहिल्यापासून.

रांग आमोद्याच्या फाट्याला टेकली.
ताडपत्रीखाली हिरवे घड, वर ऊन,
दिल्लीच्या ड्रायव्हरांचे हॉर्न.
"मॅडम, माल पिकू राह्यला ना वो.
डाटा गेला का आपला?"
नाही रे, सगळा आहे.
सगळा आहे, हीच तर पंचाईत.
कुठे आहे ते विचारायची सोय नाही.

वारकेबाई दिसल्या, पदराने काच पुसणाऱ्या.

इंडेक्स बांधायला घेतला, चालत्या टेबलावर,
लिहिणं न थांबवता.
सतरा मिनिटं.
त्यातली नऊ मी नुसती भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते,
बियाण्याच्या कंपनीचं, एप्रिलवरच राहिलेलं.
मग लीलाधरचा फोन आला, बोलला काहीच नाही;
मागे गेटची साखळी घसरल्याचा आवाज ऐकू आला
आणि गिअर पडल्याचा.

फैजपूर परत उभं राहून वर्ष झालं.
जळगावला तो नंबराचा इंडेक्स अजून आहे.
रोज प्रत्येक गाडी त्यात नोंदली जाते,
त्याला कुणी काही विचारत नाही.
साहेब म्हणाले, हा कशाला? जागा खातोय फुकट.
म्हटलं, खाऊ द्या,
फेगडेभाऊंचा आहे.