दोन मिनिटं

केरीच्या धक्क्याजवळ, जरा बाजूला, सुरूच्या मुळांशी
एक जुनी पांढरी आठशे
चारी कोपऱ्यांनी डोळे मिचकावत उभी.
शेवटची फेरी सुटताना तो धावत चढला
आणि वळून माझ्याकडे बघत ओरडला,
"दोन मिनिटांत आलो, पात्रांव!"
मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी पालयेचा. गाड्यांची वायरिंग करतो.
रात्री इथं गरी टाकून बसतो,
मासा लागो न लागो.

फेरी तेरेखोलला टेकून परत आली.
तिच्यावर एक स्कूटर, एक कुत्रा आणि खलाशी भिवा.
"कायतान मिनेझ तो," दोर गुंडाळताना भिवा म्हणाला,
"बारा वर्षांनी भावाच्या दारात गेलाय.
थांब म्हणाला, थांबलो. दोनदा भोंगा दिला.
मग ओहोटी लागली. फेरी वाळूत रुतवू का?"
आणि बिडी विझवून घरी गेला.

मी मनात हिशेब मांडला. सवय.
एकवीस वॅटचे चार,
बाजूचे दोन बारके, ते पाच-पाचचे.
अर्धा वेळ पेटलेले, अर्धा वेळ विझलेले,
म्हणजे खर्चही अर्धाच.
पस्तीसची बॅटरी, तीही थकलेली, टर्मिनलवर पांढरी बुरशी असणार.
सहा तास. फार तर सात.
चारच्या पुढं जात नाही.

दहाचा पाना माझ्या डिकीत असतोच.
बॉनेट उघडायचं, मायनस सैल करायचा,
बॅटरी वाचली.
उठलो, गेलो, बॉनेटवर हात ठेवला.
पत्र्याला दव सुटलं होतं, प्रत्येक थेंब
पिवळा होत होता, काळा होत होता.
पलीकडं, किल्ल्याच्या खाली,
एकच दार उघडं दिसत होतं.
पाना परत डिकीत टाकला.
गिऱ्हाईकानं सांगितल्याशिवाय
मी गाडीला हात लावत नाही, असं समजा.

लोकांना वाटतं, दिवा एकदम जातो.
तसं नसतं.
बारापर्यंत काहीच कळत नाही.
दोनला पिवळ्याचा नारिंगी होतो,
पिकून खाली पडलेल्या काजूच्या बोंडासारखा.
तीनला काचेमागं नुसती तार दिसते, लालसर,
उजेड द्यायचं सोडून स्वतःपुरती जागी.
आणि गंमत अशी की उजेड आधी जातो, ताल मागाहून.
साडेतीनला सगळं काळं,
पण काचेला कान लावला
तर आत रिले चालूच: टक. टक. टक.
कुणाला काही दिसत नाही हे
त्याला कुणी कळवलेलं नाही.

चारला दहा कमी असताना
तो एकदा थरथरला, पोटात रातकिडा अडकल्यासारखा,
आणि थांबला.
मला एक शेतूक मिळाला होता, वीतभर.
तो मी पाण्यात सोडला. लहान होता, म्हणून.

सकाळच्या पहिल्या फेरीनं कायतान आला.
अंगात दुसऱ्याच कुणाचा सदरा,
खांदे कोपरापर्यंत ओघळलेले,
हातात पिशवीभर नारळ.
किल्ली फिरवली. गाडी मुकी.
"पेटतच राहिले काय रात्रभर?"
"पावणेचारपर्यंत."
"तिथून दिसत होते," तो म्हणाला.
"इनास विचारत होता, तुझी घाई अजून गेली नाही काय?
मग म्हणाला, जळू देत."

मी, भिवा आणि पाववाला पोदेर, तिघांनी ढकलली,
पाण्याकडं नव्हे, चढाच्या बाजूनं.
"दुसरा टाक! क्लच सोड आता!"
दोन गचके, निळा धूर, आणि उठली बापडी.
पैसे विचारले त्यानं. मी नारळ घेतला एक.

सुरूंमधून ती वळणाकडं गेली
तेव्हा चारी दिवे परत उघडमीट करत होते.
बटण दाबून बंद करायचं
तो विसरलाच होता.
भिवा हाक मारायला निघाला, मी त्याचा हात धरला.
इंजिन चालू आहे तोवर
बॅटरीला काही होत नाही.