पर्यंत

माणसं आकड्यांनी मोजायची नसतात.
आमच्याकडे दहा शब्दांचं एक वचन आहे,
दर डोक्यामागे एक शब्द ठेवत जायचं,
वचन पुरं झालं की प्रार्थना सुरू.
सुबोतित्सात त्या जानेवारीत
मिक्शा नवव्या शब्दावर थांबला.
नववा शब्द ‘पर्यंत’.
हिब्रूत तो आधी येतो,
अनंतकाळ त्याच्या मागून.
आम्ही नऊ जण ‘पर्यंत’पाशी अडकून उभे,
वडिलांना जाऊन वर्ष झालेलं,
आणि दहा असल्याशिवाय
मला त्यांच्यासाठी कद्दिश म्हणता येईना.

लाझार म्हणाला, श्टेर्न दवाखान्यात आहे.
पुढे कोणीच काही बोलेना.
सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव,
छत्तीस वर्षं या भिंतींत न घेतलेलं.
मी टोपी चढवली
आणि मेलेल्या काकाला बोलवायला निघालो.

मेलेल्याच. मी पाच वर्षांचा होतो,
आरशावर चादर टाकलेली,
वडील बुटक्या स्टुलावर, सदऱ्याचा गळा फाडलेला.
सात दिवस शेजारी उकडलेली अंडी आणत राहिले.
आठव्या दिवशी बाजारात
गेझाकाका खसखशीचा भाव करत होता.
मी वडिलांची बाही ओढली.
वडील म्हणाले, तो नाही.

तो फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.
दार उघडून त्यानं मला ओळखलं,
विचारलं, किती आहात?
नऊ.
मला मोजणार?
माहीत नाही.
तरी त्यानं बूट घातले.

वाटेत मी विचारलं, भिऊन गेलास का?
म्हणाला, भिऊन गेलेले अडतीस साली गेले.
मी सगळं उरकल्यावर गेलो,
जेव्हा जाऊन काही मिळणार नव्हतं.
उलट शाळेतली नोकरी गेली.
मला ते खरं वाटलं, एवढंच.
आणि ज्याच्यामुळे वाटलं
त्याची आईही शुक्रवारी दिवे लावायची.

बर्फावर आमचे बूट करकरत होते.
म्हणाला, चव्वेचाळीस साली डब्यात माझ्या शेजारी
औषधवाल्याची बायको होती, गळ्यात क्रूस.
तिलाही मोजलं त्यांनी.
त्यांची बेरीज तुमच्यापेक्षा मोठ्या मनाची.

मी म्हणालो, मग काका,
तीच बेरीज आम्ही वापरायची का?

तो थांबला. रुमाल काढला,
नाक पुसलं, रुमाल नीट घडी करून ठेवला.
बराच पुढे गेल्यावर म्हणाला,
मी घर नाही सोडलं.
घरातलंच एक दार उघडलं.

दार उघडं राहिलं की आतल्यांना गारठा लागतो,
हे माझ्या ओठांवर आलं.
बोललो नाही.
त्याच्या चालण्यात वडिलांची चाल होती,
डावा पाय किंचित ओढून टाकायची.

लाझार उंबऱ्यातच उभा.
गेझा, म्हणाला, यायला तुला कोण अडवणार?
तू आमचाच आहेस, मेलास तरी.
मोजता मात्र येणार नाही.
काका म्हणाला, तुझ्या जागी मीही हेच म्हणालो असतो.
खरं सांगत होता की टोमणा मारत होता,
मला आजही ठरवता आलेलं नाही.
अंगणात, नळापाशी जाऊन उभा राहिला.

आत आल्यावर लाझारनं शेगडीकडे पाहिलं,
म्हणाला, फार कोंडलंय इथं,
आणि उणे अकरा अंशांत
अंगणाकडची खिडकी सताड उघडली.
पुस्तकांवर बर्फ यायला लागला.
कोणी हूं की चूं केलं नाही.
मिक्शानं वचन पुन्हा म्हटलं नाही.
मला मानेनं खुणावलं, कर सुरू.

पहिल्या विसाव्याला नऊ आवाज आले, आमेन,
आणि मग बाहेरून एक,
मागे पडलेला, शेवटी लांबवलेला,
ऑर्गनच्या सवयीचा.

मिक्शानं खिडकीकडे वळून
हातानं खूण केली:
जरा लवकर.